ओवेनचं दुकान आणि विणकरांचं दुकान

शेतकरी बंधूंनो, सोसायटीच्या वार्षिक सभेला कोरम भरत नाही, ही तक्रार तुम्हाला नवी नाही. सभासद कशानं येतो आणि कशानं पाठ फिरवतो, हे समजून घ्यायचं तर रॉबर्ट ओवेन या गिरणीवाल्याचं चरित्र बघा.

ओवेन १७७१ साली वेल्समधल्या न्यूटाऊन गावी एका खोगीरवाल्याच्या घरी जन्मला. दहाव्या वर्षी कापडदुकानात नोकरीला लागला. १८०० साली स्कॉटलंडातल्या न्यू लॅनार्कच्या सूतगिरणीचा कारभार त्याच्या हाती आला. तिथले कामगार खासगी दुकानातून उधारीवर माल नेत. भाव चढा, माल हलका. (आपल्याकडं तरी वेगळं काय होतं म्हणा!) ओवेननं गिरणीचंच दुकान काढलं. घाऊक खरेदी करून चोख माल थोड्याच नफ्यावर दिला. त्याच्या हिशेबानं कामगारांचा खर्च पाव हिश्शानं उतरला. नफा शाळेकडं वळवला.

तरी माणसं त्याच्यावर विश्वास टाकेनात. परका माणूस, त्यातून मालक! १८०७ च्या सुमारास अमेरिकेतून येणारा कापूस थांबला. चार महिने यंत्रं बंद राहिली, पण ओवेननं सगळ्यांना पुरा पगार दिला. तेव्हा कुठं मनं वळली.

पण एक उणीव राहिलीच, आणि माझ्या मते तीच मोठी. दुकान मालकाचं होतं. नफ्याचं काय करायचं, हे गिऱ्हाइकाच्या हातात नव्हतं. पुढं १८२५ साली त्यानं अमेरिकेत न्यू हार्मनी ही सामायिक वसाहत घेतली. ती दोन वर्षांत मोडली, संपत्तीचा मोठा हिस्सा गेला.

१८४४ साली इंग्लंडमधल्या रॉचडेल गावी २८ जण एकत्र आले. त्यात विणकर होते, ओवेनचे काही अनुयायीही होते. भांडवल अवघं २८ पौंड. २१ डिसेंबरला पीठ, लोणी, साखर अशा मोजक्या मालावर दुकान उघडलं. उधारी बंद, वजनमाप चोख. शेअर कितीही असोत, मत एकच. आणि खरी मेख पुढं आहे: ज्यानं जेवढा माल घेतला, त्या प्रमाणात नफा त्याला परत. म्हणजे शेजारच्या दुकानात गेलं तर आपलंच नुकसान! ही रक्कम खात्यात ठेवली की गरिबाची बचत होई. १८६० पर्यंत सभासद साडेतीन हजारांच्या घरात गेले.

ओवेनला मात्र अशा किरकोळ दुकानदारीचं फारसं कौतुक नव्हतं. त्याला सगळा समाजच नव्यानं उभारायचा होता. १७ नोव्हेंबर १८५८ रोजी न्यूटाऊनमध्येच तो वारला.