जालन्याच्या विहिरीतला लाल थर आणि नागपूरच्या हिस्लॉप यांची गोष्ट

जालना जिल्ह्यात विहीर खोदायला घेतली की आधी काळी माती लागते, मग मुरूम, मग कडक काळा पाषाण. काही ठिकाणी पाषाण फोडून खाली गेलं की अचानक विटेच्या रंगाचा मऊ थर लागतो आणि त्याच्या खाली पुन्हा काळा खडक सुरू होतो.

दोन काळ्या खडकांच्या मध्ये ही लाल माती आली कुठून?

काळा पाषाण म्हणजे थंड झालेला लाव्हा. लाल थर म्हणजे एक लाव्हा थंड झाल्यावर आणि दुसरा येण्याआधी गेलेला काळ. त्या काळात ऊन-पावसाने खडक झिजला, त्याची माती झाली. मग तिच्यावर पुन्हा तापलेला लाव्हा पसरला आणि ती गाडली गेली.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग अशाच एकावर एक साचलेल्या लाव्हाच्या थरांचा बनला आहे. त्याला दख्खन ट्रॅप म्हणतात. आजही तो सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. जालना त्याच्या मध्यावर येतो, तर नागपूर पूर्वेकडच्या कडेवर. कडेवर थर पातळ होतात आणि लाव्हाच्या मध्ये काय दडलं आहे, ते दिसायला सोपं जातं.

१८५१ मध्ये एका स्कॉटिश पाद्र्याच्या नजरेस ते पडलं. त्यांचं नाव स्टीफन हिस्लॉप. नागपुरातलं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाने ओळखलं जातं.

पाद्री नागपुरात कसे आले?

हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधल्या डन्स या गावी झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नागपूरच्या सीताबर्डी टेकडीवर भोसले आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात लढाई झाली होती. पुढे याच टेकडीचा खडक हिस्लॉप यांच्या अभ्यासाचा विषय होणार होता.

धर्मशास्त्राचं शिक्षण घेऊन ते फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी झाले आणि १८४५ मध्ये नागपूरला पोहोचले. तेव्हा तिथे भोसल्यांचं राज्य होतं. हिस्लॉप यांनी मराठी शिकून घेतली, शाळा सुरू केली आणि धर्मप्रसारासाठी गावोगाव फिरायला लागले. १८४७ मध्ये रॉबर्ट हंटर हे दुसरे मिशनरी त्यांच्या सोबतीला आले.

हिस्लॉप हे कंपनीच्या काळातले मिशनरी होते, हे विसरून चालत नाही. १८५४ मध्ये कंपनीने नागपूरचं राज्य खालसा केलं. १८५७ मध्ये नागपुरात उठावाची तयारी सुरू असल्याची खबर ब्रिटिश अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचवणाऱ्यांत हिस्लॉप होते. विज्ञानातलं त्यांचं काम मोठं असलं, तरी ते कोणत्या बाजूला उभे होते, हेही या गोष्टीचाच भाग आहे.

टाकळीत काय सापडलं?

१८५१ मध्ये हिस्लॉप आणि हंटर नागपूरजवळच्या टाकळी भागात फिरत होते. तिथे लाव्हाच्या खडकांमध्ये असलेल्या गाळाच्या थरात त्यांना छोट्या शंखांचे जीवाश्म दिसले. शंख गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे होते.

आता जरा विचार करा. वर लाव्हा, खाली लाव्हा आणि मध्ये गोगलगाय. म्हणजे या जागी कधीतरी तळं होतं!

असे शंख पाहणारे ते पहिले नव्हते. मद्रासच्या वैद्यकीय सेवेतले डॉक्टर जॉन ग्रँट मालकमसन यांनी त्याआधीच अशा जीवाश्मांवर लिहिलं होतं. पण हिस्लॉप आणि हंटर शंखांवर थांबले नाहीत. पुढची काही वर्षं त्यांनी नागपूर आणि चांदा भाग पिंजून काढला. माशांचे खवले, किड्यांचे कठीण पंख, डोळ्यांना जेमतेम दिसतील असे शिंपल्यातले जीव, बिया, फळं, झाडांची खोडं असा मोठा संग्रह त्यांनी जमवला.

हे सगळं त्यांनी लंडनला पाठवलं. १८५५ मध्ये तिथल्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात नागपूरच्या भूगर्भावर दोघांचा मोठा लेख छापून आला. १८६० मध्ये हिस्लॉप यांनी लाव्हामधल्या गाळाच्या थरांवर आणखी एक लेख लिहिला. किडे एका तज्ज्ञाने तपासले, शिंपल्यातले जीव दुसऱ्याने. चांदा भागातल्या मांगली इथे मिळालेली एका प्राचीन उभयचराची कवटी तर रिचर्ड ओवेन यांच्याकडे गेली. डायनासोर हा शब्द ज्यांनी दिला, तेच हे ओवेन.

पुरावा बरोबर, अर्थ चुकला

सीताबर्डीच्या टेकडीत वर कठीण काळा खडक, खाली भोकाभोकांचा मऊ लाव्हा आणि मध्ये तळ्यातल्या गाळाचा पातळ थर होता. यातलं आधी काय आणि नंतर काय?

आज उत्तर सोपं वाटतं. जे खाली ते आधीचं, जे वर ते नंतरचं. पण लाव्हाच्या बाबतीत तसं नेहमीच नसतं. जमिनीखालून येणारा वितळलेला खडक कधीकधी जुन्या थरांच्या फटीत घुसतो आणि तिथेच थिजतो. अशा वेळी खालचा खडक वरच्या गाळापेक्षा नवा असू शकतो.

हिस्लॉप आणि हंटर यांनी हाच मार्ग धरला. त्यांच्या मते आधी तळं होतं, त्यावर लाव्हा पसरला आणि खालचा खडक नंतर खालून आत शिरला.

१८६७ मध्ये जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे विल्यम ब्लॅनफर्ड यांनी पश्चिम आणि मध्य भारतातल्या या खडकांचा अहवाल मांडला आणि चित्र उलटं झालं. हे थर एकापाठोपाठ एक पसरलेल्या लाव्हाचे आहेत आणि गाळ मधल्या विश्रांतीच्या काळातला आहे. खालचा लाव्हा थंड झाला, खोलगट जागी पाणी साचलं, गोगलगायी आल्या, काठावर झाडं वाढली आणि मग पुढच्या उद्रेकाने सगळं झाकून टाकलं.

दख्खनचे उद्रेक सलग झाले नाहीत, ते थांबून थांबून झाले. ते किती वेळा झाले आणि मध्ये किती काळ गेला, हे शोधायचं तर लाव्हाइतकंच लक्ष मधल्या थरांकडे द्यायला हवं. हिस्लॉप यांनी आयुष्यातली जवळपास बारा वर्षं याच थरांवर घालवली. फक्त त्यांचा अर्थ दुसऱ्याने लावला.

पूर आलेला ओढा

ब्लॅनफर्ड यांचा अहवाल आला तेव्हा हिस्लॉप हयात नव्हते.

खडकांसोबत त्यांना माणसांच्या इतिहासातही रस होता. गोंड समाजाची भाषा आणि कथा त्यांनी टिपून ठेवल्या होत्या. लिंगोच्या गोंडी कथेच्या पहिल्या लेखी नोंदींमध्ये त्यांची नोंद येते.

४ सप्टेंबर १८६३ रोजी ते मध्य प्रांताचे प्रमुख अधिकारी रिचर्ड टेंपल यांच्यासोबत नागपूरच्या दक्षिणेला टाकळघाटला प्राचीन शिळावर्तुळं पाहायला गेले होते. संध्याकाळी मागे थांबून ते एकटेच घोड्यावरून मुक्कामाकडे निघाले. वाटेत बोरीजवळच्या ओढ्याला पावसाने पूर आला होता. घोडा परत आला, हिस्लॉप आले नाहीत. नंतर त्यांचा मृतदेह ओढ्यात सापडला. ४६ वा वाढदिवस चार दिवसांवर होता.

गोंड आणि इतर आदिवासी समाजांवरच्या त्यांच्या नोंदी टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रकाशित केल्या. नागपुरातलं कॉलेज १८८३ मध्ये सुरू झालं.

वयाचा वाद आणि शेणाचे दगड

थर कोणत्या काळातले, यावर हिस्लॉप यांचं उत्तर होतं, डायनासोर संपल्यानंतरच्या युगातले. हा वाद पुढे शंभराहून जास्त वर्षं चालला. १९३० च्या दशकात वनस्पतींच्या जीवाश्मांचे मोठे अभ्यासक बिरबल सहानी यांचा कलही याच बाजूला होता.

आता खडकांचं वय किरणोत्सर्गी मूलद्रव्यांवरून मोजता येतं. त्यातून दिसलं की बहुतेक लाव्हा साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या आसपास आला, म्हणजे डायनासोर नाहीसे झाले त्याच सुमारास. काही थर त्याआधीचे निघाले, काही नंतरचे.

हिस्लॉप यांनी हुडकलेल्या एका जागेने तर आणखी मोठा धक्का दिला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुरा इथे डायनासोरची हाडं आणि दगड झालेलं शेण मिळतं. २००५ मध्ये वंदना प्रसाद, अशोक सहानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या शेणात गवताचे सूक्ष्म कण सापडल्याचं दाखवलं. गवत डायनासोरनंतर आलं, हा तोवरचा समज त्यामुळे मोडला.

लाल थर आजही का महत्त्वाचा आहे?

अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ब्लेअर शोएन यांच्या चमूने सह्याद्रीतल्या लाल थरांमधून झिरकॉन नावाचे बारीक स्फटिक वेगळे केले. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात राखेसोबत ते तिथे पडले होते. त्यांचं वय मोजून उद्रेकांचं वेळापत्रक बांधता येतं. २०१९ मध्ये या चमूचा आणि दुसऱ्या एका चमूचा अभ्यास एकाच वेळी आला. सर्वात मोठे उद्रेक मेक्सिकोतल्या उल्कापाताच्या आधी झाले की नंतर, यावर दोघांची उत्तरं जुळली नाहीत. वाद अजून चालू आहे.

जालन्यासारख्या दुष्काळी जिल्ह्यात हा प्रश्न पाण्याशीही येऊन भिडतो. इथलं भूजल लाव्हाच्या थरांच्या रचनेवर ठरतं. थराच्या वरचा भोकाभोकांचा आणि झिजलेला भाग पाणी धरतो. मधल्या घट्ट पाषाणात भेगा असल्या तरच पाणी असतं. लाल थरातून पाणी सहसा सहज खाली झिरपत नाही. त्यामुळे एकाच शिवारात एका विहिरीला पाणी लागतं आणि शेजारची कोरडी जाते. एक लाव्हा कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हे कळलं तर बोअरवेलवर वाया जाणारा पैसाही वाचू शकतो.

हिस्लॉप आणि हंटर यांनी पाठवलेले शंख आणि बिया आजही लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत. त्यांचं मत मागे पडलं, पण कोणती वस्तू कुठल्या थरातून निघाली हे त्यांनी लिहून ठेवलं होतं. त्यामुळे पुढच्या प्रत्येक पिढीला ते मत तपासता आलं.