स्वरांची मूक उपासना : कै. नूतन

मनुष्याच्या एका गुणावर कीर्तीचा प्रकाश पडला की त्याचे इतर गुण बहुधा त्या प्रकाशाच्या छायेत राहून जातात. आपल्या चांद्रसेनीय कायस्थ प्रभू ज्ञातीत जन्मलेल्या आणि अवघ्या भारतात श्रेष्ठ अभिनेत्री म्हणून गाजलेल्या कै. नूतन यांच्या बाबतीत असेच घडले. त्यांचा अभिनय जाणत नाही असा चित्रपटप्रेमी विरळा. परंतु त्या उत्तम गात असत, संगीत त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय होता, हे आपल्याही घरांतून फारसे ठाऊक नाही. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांच्या जीवनाची ही बाजू वाचकांपुढे ठेवावी, असे मनात आले.

मला स्वतःला ही गोष्ट योगायोगाने कळली. मी तेव्हा जव्हार येथे मॅट्रिकच्या वर्गात होतो. आमच्या आळीत एका घरी रेडिओ होता आणि सायंकाळी आम्ही मुले त्यांच्या ओटीवर जमत असू. एके दिवशी विविध भारतीवर एक गोड, साधे, कसलाही आव न आणणारे गीत लागले आणि निवेदकाने गायिकेचे नाव नूतन असे सांगितले. आम्हांस वाटले, निवेदकाची चूक झाली. नटीचे नाव त्याने गायिका म्हणून वाचले. चूक त्याची नव्हती, अज्ञान आमचे होते.

नूतन यांचा जन्म ४ जून १९३६ रोजी मुंबईत झाला. वडील श्री. कुमारसेन समर्थ हे चित्रपट-दिग्दर्शक, तर मातोश्री शोभना समर्थ या त्या काळातील विख्यात अभिनेत्री. १९४३ सालच्या ‘रामराज्य’ चित्रपटातील त्यांची सीता लोकांच्या इतकी मनात ठसली की घरोघरी सीता म्हटली की त्यांचीच मूर्ती डोळ्यांपुढे उभी राही. शोभनाताईंच्या मामेबहीण नलिनी जयवंत याही नामांकित अभिनेत्री. त्यांनी आरंभीच्या चित्रपटांतून स्वतःच्या गळ्याने गीते गायिली होती. कला ही अशी घरातच नांदत होती. नूतन या चार भावंडांत थोरल्या. १९४५ साली वडिलांच्याच ‘नल दमयंती’ चित्रपटात त्या बालवयात प्रथम पडद्यावर आल्या.

मात्र हे बालपण सर्वस्वी सुखाचे नव्हते. देखण्या आईची ही मुलगी सावळी, कृश आणि संकोची होती. चार लोकांत आईशी होणारी तुलना तिच्या कानांवर येई आणि आपण कुरूप आहोत अशी तिची समजूत होऊन बसली होती. पुढे आईवडीलही विभक्त झाले. अशा मनाच्या मुलीस एखादा आधार लागतो. गाताना रूपाकडे कोणी पाहत नाही. सूर खरा लागला की पुरे असते. नूतन यांना गाण्याची जी ओढ लागली, तिचे मूळ येथेही असावे असे मला वाटते. त्यांनी पंडित जगन्नाथप्रसाद यांच्यापाशी शास्त्रीय संगीताचे धडे घेतले.

१९५० साली शोभनाताईंनी स्वतः ‘हमारी बेटी’ हा चित्रपट निर्माण केला व दिग्दर्शितही केला. नायिका होती चौदा वर्षांची नूतन, आणि संगीत होते श्री. स्नेहल भाटकर यांचे. भाटकर हे मुंबईतील मराठी संगीतकार. भजनगायक म्हणून त्यांची मोठी ख्याती होती. भजनात वाढलेल्या या जाणकार माणसाने त्या कोवळ्या मुलीस स्वतःच्या आवाजात गावयास लावले. अभिनय आणि गायन या दोन्ही कलांत नायिका म्हणून नूतन यांचा प्रवेश असा एकाच वेळी झाला.

दहा वर्षे आधी हे घडते, तर कदाचित त्यांचे जीवन निराळे झाले असते. सैगल, शांता आपटे, नूरजहाँ, सुरैया ही मंडळी स्वतः गात आणि स्वतःच अभिनय करीत. परंतु १९४९ साली ‘महल’, ‘बरसात’ हे चित्रपट आले, लतादीदींच्या स्वराने देश भारून गेला, आणि पार्श्वगायनाची प्रथा कायमची दृढ झाली. यापुढे नायिकेने केवळ ओठ हलवावेत आणि गाणे दुसरीने म्हणावे, असा शिरस्ता पडला. गाणाऱ्या मुलीपुढे मौनाचाच मार्ग उरला.

अशा प्रसंगी सामान्य माणूस रुसतो अथवा शिकलेले सोडून देतो. नूतन यांनी यांपैकी काहीच केले नाही. आपली गाण्याची जाण त्यांनी अभिनयात उतरविली. १९५५ सालच्या अमिय चक्रवर्ती यांच्या ‘सीमा’ चित्रपटात शंकर-जयकिशन यांनी जयजयवंती रागात बांधलेले एक शास्त्रोक्त वळणाचे गीत आहे. स्वर लतादीदींचा, पण पडद्यावर पाहताना तो नूतन यांच्याच कंठातून येतो आहे असे वाटते. तान कोठे घ्यावयाची, त्याआधी श्वास कोठे भरावयाचा, हे गाणे न शिकलेल्यास साधत नाही. आपले गीत पडद्यावर यथार्थपणे साकारणाऱ्या नायिकांत लतादीदी नूतन यांचे नाव अग्रक्रमाने घेत. ‘सीमा’तील भूमिकेबद्दल नूतन यांना फिल्मफेअरचे सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे पारितोषिक मिळाले; असे पारितोषिक त्यांनी पुढे आणखी चार वेळा मिळविले.

संगीतात गाण्याइतकेच ऐकण्यालाही मोल असते. बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’ (१९५९) चित्रपटात नायक दूरध्वनीवरून गीत गातो. स्वर तलत महमूद यांचा. नायिकेस त्यात एक शब्दही नाही. कानाशी यंत्र धरून ती केवळ ऐकते, आणि त्या ऐकण्यातून अस्पृश्य म्हणून अव्हेरलेल्या एका मुलीचे सारे मन प्रकट होते. ‘बंदिनी’ (१९६३) चित्रपटाच्या अखेरीस सचिनदेव बर्मन यांचा नावाड्याचा सूर घाटावर ऐकू येतो, आणि तो ऐकता ऐकता नायिका आपल्या आयुष्याचा निर्णय करते. सुरांशी ज्याचे नाते जडले आहे त्यालाच असे ऐकता येते.

स्वतःच्या आवाजात गाण्याची मोठी संधी त्यांना पुन्हा लाभली ती १९६० साली, ‘छबिली’ चित्रपटात; आणि तीही मातोश्रींनी निर्मिलेल्या व दिग्दर्शित केलेल्या चित्रपटात, स्नेहल भाटकर यांच्याच संगीतात. धाकटी बहीण तनुजा याच चित्रपटात त्यांच्यासमवेत होती. ज्या गीताने आम्ही मुले ओटीवर चकित झालो, ते याच चित्रपटातील. त्याशिवाय गीता दत्त व हेमंतकुमार या मातब्बर गायकांसमवेत त्यांनी द्वंद्वगीते गायिली. एव्हाना त्या देशातील अग्रगण्य अभिनेत्री होत्या. आदल्याच वर्षी, ११ ऑक्टोबर १९५९ रोजी, नौदलातील अधिकारी श्री. रजनीश बहल यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. मनात आणते तर आणखीही गाण्यांसाठी निर्मात्यांकडे हट्ट धरता आला असता. तसा हट्ट त्यांनी धरला नाही.

पुढे पैशांच्या व्यवहारावरून मायलेकींत वितुष्ट आले. ज्या आईने मुलीच्या कंठास दोन वेळा वाट करून दिली, तिच्याशी अनेक वर्षे बोलणे राहिले नाही. हा दुरावा १९८३ साली मिटला, ही समाधानाची गोष्ट. मुंबईच्या मायानगरीतील हे दुःख आपल्यास अनोळखी नाही. शेताच्या बांधावरून आणि घराच्या वाटणीवरून अबोला धरलेली घरे जव्हार-मोखाड्यातही आहेत. ती वेळेत जुळावीत, एवढेच येथे म्हणतो.

उत्तरायुष्यात नूतन यांचा ओढा अध्यात्माकडे वळला. त्या स्वतः भजने रचीत व गात. येथे निर्माता नव्हता, पडदा नव्हता, कोणाचा उसना स्वर नव्हता. १९७४ साली त्यांना पद्मश्री मिळाली होती. मानसन्मान उदंड झाले होते. पण ज्या सुराने बालपणी सोबत केली, तोच सूर अखेरच्या काळात पुन्हा जवळचा झाला. कर्करोगाने त्यांना ग्रासले आणि २१ फेब्रुवारी १९९१ रोजी, वयाच्या अवघ्या चोपन्नाव्या वर्षी, मुंबईत त्यांचे देहावसान झाले. २०११ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

हे चरित्र लिहिताना मला माझीच एक चूक आठवते आणि ती कबूल केल्यावाचून लेखणी खाली ठेववत नाही. मी शिक्षक असताना आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात एका गीतावर नाट्यप्रवेश बसविला होता. दूरच्या पाड्यावरून येणाऱ्या एका मुलीचा गळा सर्वांत गोड होता. परंतु तिचा वेश साधा, बोलणे बुजरे. म्हणून मी तिला पडद्याआड बसवून गावयास सांगितले आणि नीटनेटक्या दिसणाऱ्या दुसऱ्या मुलीस पुढे उभे केले. टाळ्या पुढच्या मुलीस मिळाल्या. पडद्याआडच्या मुलीचे नाव जाहीर करण्याचेही माझ्या ध्यानात राहिले नाही. पुढच्या वर्षी ती मुलगी गाण्यासाठी पुढे आली नाही. नूतन यांनी पडद्यावर उभे राहून मागच्या स्वराचा मान राखला. मी शिक्षक असूनही तो राखला नाही.

म्हणून आपल्या ज्ञातीतील मातापित्यांना माझी नम्र विनंती आहे. मुलीच्या रूपाची चर्चा तिच्यासमोर करू नका. ती गात असेल तर तिला गाऊ द्या, शिकवा, आणि त्यातून नाव किंवा पैसा मिळेल काय, हा प्रश्न आरंभीच विचारू नका. नूतन यांना गायिका म्हणून कीर्ती मिळाली नाही. तरीही त्यांचे गाणे वाया गेले नाही. त्यांच्या अभिनयास त्याने खोली दिली आणि अखेरीस मनास विसावा दिला.

अशा या गुणी ज्ञातिकन्येच्या स्मृतीस माझे विनम्र अभिवादन.