हवाबंद अन्न जगाला देणारा हलवाई कंगाल होऊन गेला

हवाबंद डबा उघडताना आत सडलं असेल का, हा प्रश्न आज पडतही नाही. याचं श्रेय पॅरिसच्या एका हलवायाला, निकोला अपेरला. काचेच्या बाटलीत मटार, मांस, दूध भरायचं, बूच घट्ट बसवायचं, बाटली उकळत्या पाण्यात ठेवायची. कुठला पदार्थ किती वेळ उकळायचा, हे तो वर्षानुवर्षं प्रयोग करून शिकला. अन्न जंतूंमुळे सडतं हे तेव्हा माहीतच नव्हतं. पाश्चरला अजून पन्नासेक वर्षं अवकाश होता!

१८१० मध्ये फ्रेंच सरकारनं १२,००० फ्रँक दिले. अट एकच, पद्धत छापून जाहीर करायची. म्हणजे पेटंटचा विषयच संपला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरांडनं पत्र्याच्या डब्यांचं पेटंट घेतलं. १८१४ च्या युद्धात अपेरचा मासीचा कारखाना उद्ध्वस्त झाला. १८४१ मध्ये तो वारला, तेव्हा त्याला गरिबांच्या सामायिक कबरीत पुरलं.