मेला समजून त्याचं नाव स्विमिंग पूलला दिलं होतं, तो परत आला आणि वर्ल्ड रेकॉर्ड करून दाखवलं

नेवाशासारख्या नदीकाठच्या गावात जुन्या माणसांनी पोहण्याचा क्लास कधी लावलाच नाही. पाठीला रिकामा डबा नाहीतर वाळका भोपळा बांधायचा, आणि चुलत्याने विहिरीत ढकलून द्यायचं. दोन-चार घोट पाणी पोटात गेलं की हातपाय आपोआप हलायचे. मग प्रवरेचं पाणीही लांब वाटायचं नाही.

पुढे मात्र दहावी येते, नोकरी येते, लग्न होतं आणि पोहणं सुटतं. बऱ्याच वर्षांनी कुणी पुन्हा पाण्यात उतरायला सांगितलं, की पहिलं उत्तर ठरलेलं असतं. आता कुठे जमतंय, वय गेलं.

हे उत्तर द्यायचा हक्क जगात कुणाला असेल तर तो आल्फ्रेड नकाशला होता. पण त्याने ते दिलं नाही. ही त्याची गोष्ट.

आल्फ्रेडचा जन्म १८ नोव्हेंबर १९१५ चा. गाव कॉन्स्टन्टिन, म्हणजे आजचा अल्जेरिया. तेव्हा तिथे फ्रान्सचं राज्य होतं. घर ज्यू, भावंडं भरपूर. गंमत म्हणजे लहानपणी हा पोरगा पाण्याला घाबरायचा. ती भीती मोडायला पाण्यात उतरला आणि पाण्याचाच होऊन बसला. विशीच्या आत तो पॅरिसला पोहोचला, मोठ्या क्लबकडून पोहायला लागला.

१९३६ साली त्याला फ्रान्सकडून ऑलिम्पिक खेळायला मिळालं. आता योगायोग बघा, ऑलिम्पिक होतं बर्लिनला, हिटलरच्या दारात. फ्रान्सची ४ बाय २०० मीटर रिले टीम चौथी आली, यजमान जर्मनी पाचवी. त्या फ्रेंच टीममध्ये एक ज्यू पोरगा होता.

नंतर महायुद्ध सुरू झालं. १९४० मध्ये फ्रान्स पडला आणि जर्मनीपुढे मान तुकवणारं व्हिशी सरकार आलं. या सरकारने अल्जेरियातल्या ज्यूंचं फ्रेंच नागरिकत्वच काढून घेतलं. आल्फ्रेड आणि त्याची बायको पोल, दोघंही व्यायाम शिक्षक. दोघांची शिकवायची वाट बंद झाली. जोडपं दक्षिणेला तुलूझला गेलं. तिथल्या टोएक क्लबने आणि कोच आल्बाँ मॅनव्हिलने त्याला जवळ केलं.

६ जुलै १९४१ ला मार्सेयच्या पूलमध्ये त्याने २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचं वर्ल्ड रेकॉर्ड केलं. वेळ होती २ मिनिटं ३६.८ सेकंद.

इथे एक गोष्ट समजून घ्या. आपण आज ज्याला बटरफ्लाय म्हणतो, त्या पद्धतीने आल्फ्रेड हात मारायचा. दोन्ही हात एकदम पाण्याबाहेर काढून पुढे टाकायचे. तेव्हा बटरफ्लाय हा वेगळा प्रकार नव्हता, तो ब्रेस्टस्ट्रोकमध्येच धरला जायचा. वेगळा झाला १९५२ नंतर. ही पद्धत वेगवान, पण खांदे आणि दम दोन्ही पिळून काढणारी. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९४३ साली नॅशनल चॅम्पियनशिप तुलूझलाच होती. पण घरच्या पूलमध्ये आल्फ्रेडलाच उतरू दिलं नाही. त्याच्या क्लबच्या पोरांनी मग स्पर्धेवर बहिष्कार टाकला. जर्मन सैन्य शहरात असताना असं करायला काळीज लागतं.

त्याच वर्षाच्या शेवटी गेस्टापोने त्याला उचललं. सोबत पोल आणि जेमतेम दोन वर्षांची मुलगी आनी. २० जानेवारी १९४४ ला अकराशेहून जास्त माणसांना घेऊन निघालेल्या गाडीतून तिघांना ऑशविट्झला नेलं. पोहोचताच माणसांची वाटणी झाली. पोल आणि आनीला गॅस चेंबरमध्ये मारण्यात आलं. आल्फ्रेडला कामाला ठेवलं. मायलेकींचं काय झालं हे त्याला कळलं नव्हतं.

छावणीत आग विझवण्यासाठी पाण्याचा मोठा हौद होता. हा चॅम्पियन आहे हे पहारेकऱ्यांना कळलं. ते हौदाच्या तळाशी एखादी वस्तू फेकायचे आणि त्याला दातात धरून वर आणायला लावायचे. त्यांच्यासाठी करमणूक. पण त्याच घाणेरड्या हौदात आल्फ्रेड आपल्या साथीदारांसोबत लपूनछपून पोहलासुद्धा. सापडले असते तर जीव गेला असता.

जानेवारी १९४५ मध्ये छावणी रिकामी करताना कैद्यांना बर्फातून चालवत नेलं. आल्फ्रेड बुखेनवाल्डला पोहोचला आणि एप्रिलमध्ये सुटला. वजन उरलं होतं ४० किलोच्या आसपास.

इकडे तुलूझने तो मेला असं धरलं होतं. १९४४ मध्येच शहरातल्या पूलला त्याचं नाव दिलं होतं. आणि एक दिवस तो माणूस स्वतःच शहरात हजर झाला. बायको-मुलगी येतील म्हणून वाट बघत राहिला. त्या आल्या नाहीत.

सरावाला लगेच जोर लावायचा प्रश्नच नव्हता, अंगावर मांसच नव्हतं. पण क्लब तोच होता, कोच तोच, ज्यांनी त्याच्यासाठी स्पर्धा सोडली ती पोरंही तिथेच. त्यांनी त्याला हळूहळू पाण्यात आणलं.

८ ऑगस्ट १९४६ ला आल्फ्रेड नकाश, अलेक्स जानी आणि जॉर्ज व्हालरे या तिघांनी ३ बाय १०० मीटर रिलेचं वर्ल्ड रेकॉर्ड केलं. छावणीतून सुटून जेमतेम १६ महिने झाले होते.

१९४८ ला लंडन ऑलिम्पिक आलं तेव्हा तो ३२ वर्षांचा होता. २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये सेमीफायनलपर्यंत पोहोचला, शिवाय वॉटरपोलोच्या संघातही होता. फायनल मात्र हुकली. तिन्ही मेडल अमेरिकेने नेली. खांदे पिळून काढणारी ती पद्धत आता नव्या पोरांची झाली होती.

सिनेमा असता तर शेवटी गोल्ड मेडल दाखवलं असतं. इथे १२ वर्षांच्या अंतराने तोच माणूस पुन्हा ऑलिम्पिकच्या पाण्यात उतरला, एवढंच घडलं. मधल्या काळात त्याचं काय काय गेलं होतं हे बघितलं, तर एवढंच हा शब्द चुकीचा वाटतो.

पुढे त्याने पुन्हा लग्न केलं. पोहणं शेवटपर्यंत सोडलं नाही. ४ ऑगस्ट १९८३ ला फ्रान्सच्या सेर्बेर गावी समुद्रात पोहत असतानाच तो गेला. वय ६७. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय स्विमिंग हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव घेतलं गेलं.

आता आपल्याकडे या. पोहण्याच्या मास्टर्स स्पर्धा २५ व्या वर्षापासून सुरू होतात. दर पाच वर्षांचा गट वेगळा, म्हणजे पंचेचाळिशीतल्या माणसाला विशीतल्या पोराशी झुंजावं लागत नाही. इतक्या वर्षांनी उतरताना आधी तब्येत दाखवून घ्या, नदी-विहिरीत एकटे जाऊ नका आणि जुन्या टायमिंगचा हिशोब घरीच ठेवा. जुन्या गँगमधल्या एखाद्याला सोबत घ्या. आल्फ्रेडलासुद्धा परत यायला क्लबची पोरं लागली होती.