प्रवासी पेटीला नवे रूप देणारे कारागीर लुई व्हिटॉन

फ्रान्सच्या ज्युरा प्रदेशातील आंशे या खेड्यात ४ ऑगस्ट १८२१ रोजी लुई व्हिटॉन यांचा जन्म झाला. तेराव्या वर्षी घर सोडून, मिळेल ते काम करीत त्यांनी चारशेहून अधिक किलोमीटर पायी तुडवले आणि १८३७ मध्ये पॅरिस गाठले. तेथे मारेशाल या पेटीकाराकडे त्यांनी उमेदवारी केली. धनिकांची वस्त्रे पेट्यांत निगुतीने भरण्याच्या कौशल्यामुळे पुढे सम्राज्ञी युजेनी यांचीही सेवा त्यांना लाभली.

१८५४ मध्ये त्यांनी स्वतःचे दुकान थाटले. त्या काळी पेट्यांची झाकणे घुमटाकार असत. पाणी ओघळून जाई, मात्र पेट्या एकावर एक रचता येत नसत. आगगाडी व आगबोटींच्या वाढत्या प्रवासाची गरज ओळखून व्हिटॉन यांनी १८५८ मध्ये जलरोधक राखाडी कापडाची, सपाट झाकणाची हलकी पेटी घडवली. पुढच्याच वर्षी आनियेर येथे कार्यशाळा उभी राहिली.

१८७०च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात ती उद्ध्वस्त झाली. पन्नाशीच्या उंबरठ्यावर असलेल्या व्हिटॉन यांनी व्यवसाय नव्याने उभारला. नक्कल करणाऱ्यांना शह देण्यासाठी १८७२ मध्ये पट्टेरी, तर १८८८ मध्ये स्वतःचे नाव छापलेले चौकटीचे कापड त्यांनी वापरात आणले. तरीही नकला थांबल्या नाहीत.

२७ फेब्रुवारी १८९२ रोजी आनियेर येथे त्यांचे निधन झाले. चार वर्षांनी पुत्र जॉर्ज यांनी वडिलांची आद्याक्षरे गुंफलेली नक्षी प्रचारात आणली. आज जगभर ओळखले जाणारे ते चिन्ह एका कारागिराच्या याच लढ्यातून जन्मले आहे.