डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि प्रत्यक्ष मताचा प्रश्न

कोल्हापूर संस्थानातील माणगाव येथे मार्च १९२० मध्ये भरलेल्या परिषदेचे अध्यक्षस्थान तरुण आंबेडकरांनी भूषविले आणि छत्रपती शाहू महाराजांनी अस्पृश्य समाजाचा नेता म्हणून त्यांचा जाहीर गौरव केला. हे नेतृत्व मतपेटीतून आलेले नव्हते. मताधिकाराचा आग्रह मात्र त्यांनी १९१९ मध्येच साउथबरो समितीपुढे धरला होता. १९२८ मध्ये सायमन आयोगापुढे तर त्यांनी प्रौढ मताधिकारच मागितला.

म्हणूनच संविधानसभेतील त्यांची भूमिका विद्यार्थ्यांनी बारकाईने पाहावी. राष्ट्रपती थेट प्रौढ मतदानाने निवडावा, अशी दुरुस्ती डिसेंबर १९४८ मध्ये के. टी. शहा यांनी सुचविली. आंबेडकरांनी ती अमान्य केली. एवढ्या विशाल मतदारवर्गाची निवडणूक शासनयंत्रणेला पेलणार नाही आणि राष्ट्रपती हा नामधारी प्रमुख असल्याने तिचे प्रयोजनही नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. यांतील पहिले कारण टिकले नाही (लोकसभेसाठी त्याच मतदारवर्गाने १९५१-५२ मध्ये मतदान केले). बळ आहे ते दुसऱ्यात.

त्याच निवडणुकीत उत्तर मुंबईत नारायण काजरोळकरांनी त्यांचा पराभव केला. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही त्यांना अपयश आले. ६ डिसेंबर १९५६ रोजी निधन झाले तेव्हा ते राज्यसभेचे, म्हणजे अप्रत्यक्ष मताने निवडलेले, सदस्य होते.