बिनपाण्याचं इंजिन

मित्रांनो, मुलुंड चेकनाक्याकडच्या एखाद्या गॅरेजमध्ये पाणी कमी होणारा जुना ट्रक आला, की मिस्त्री आधी इंजिन गार होऊ देतो, मगच रेडिएटरचं झाकण उघडतो. इंजिन चालू केल्यावर पाण्यात बुडबुडे, थांबत नाही असा पांढरा धूर, डिपस्टिकवर दुधाच्या चहासारखं ऑईल दिसलं, तर बहुधा हेड गॅस्केट गेलं!

ज्याच्या नावाचं हे इंजिन, त्या रुडॉल्फ डिझेलला मात्र पाणी नकोच होतं. १८५८ साली पॅरिसमध्ये जर्मन आईवडिलांच्या पोटी तो जन्मला. १८७० च्या युद्धात घर सुटलं. पुढे म्युनिकला शिकून तो इंजिनिअर झाला. इंजिन गार करणं म्हणजे उष्णता वाया घालवणं, हे त्याचं गणित. ऑग्सबर्गला १८९३ चं पहिलं इंजिन त्याने बिनपाण्याचंच बांधलं. ते स्वतःच्या ताकदीवर चाललंच नाही! मग हट्ट सोडून त्याने सिलिंडरभोवती पाणी खेळवलं. १८९७ च्या चाचणीत २६ टक्के कार्यक्षमता मिळाली. पैसा आला, गेलाही. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री, इंग्लंडला जाताना, कर्जात बुडालेला डिझेल बोटीवरून नाहीसा झाला.

तेव्हा दोस्तांनो, वर्कशॉपमध्ये गणित चुकलं तर लाजू नका. इंजिन काय सांगतंय ते ऐका!